‘भावी’ या विशेषणाचे व्याकरण

भविष्य सांगण्याचे काम क्रियापदाचे, असे शाळेच्या व्याकरणात शिकवतात. नांदेड-लातूर पट्ट्यात हे काम बव्हंशी एका विशेषणाने उचलले आहे. ते विशेषण म्हणजे ‘भावी’. लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते असोत की नांदेडचा तरोडा नाका, विजेच्या खांबावर, चौकातल्या कमानीवर आणि टपरीच्या पत्र्यावर ते ताणून बांधलेले असते. त्याच्या पुढे नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य किंवा आमदार यांपैकी एक नाम येते, बाजूला गॉगल लावलेला हसरा चेहरा, आणि तळाशी ‘शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ’.

क्रियापद मागे पडले याचे कारण साधे आहे. क्रियापदाला काळ चिकटलेला असतो. ‘दादा निवडून येतील’ असे छापले की कधी ना कधी निवडणूक होते, मतमोजणी होते आणि वाक्य उघडे पडते. ‘भावी आमदार’ या दोन शब्दांना मतमोजणी लागू नाही. दादा पडले तरी भावीच राहतात. किंबहुना पडल्यावर पुढची पाच वर्षे भावी म्हणवून घेण्याचा त्यांचा हक्क जास्तच पक्का होतो. निवडून आलेल्याला ती सोय नाही. ज्या भाकिताला खोटे ठरण्याची तारीखच नाही, ते भाकीत चुकणार कसे?

रूपाच्या दृष्टीने ‘भावी’ हे अविकारी विशेषण आहे. संस्कृतात मूळ शब्द भाविन्. तिथे पुल्लिंगी भावी, स्त्रीलिंगी भाविनी आणि नपुंसकलिंगी भावि अशी त्याची रूपे चालवावी लागतात. मराठीने पुल्लिंगी रूप तेवढे घरात घेतले आणि बाकीच्या दोघांना दारातूनच निरोप दिला. ‘चांगला’ला लिंग-वचन सांभाळावे लागते, पुढच्या नामाला प्रत्यय लागला की ‘चांगल्या’ व्हावे लागते. ‘भावी’ला यातले काहीही करावे लागत नाही. भावी महापौर, भावी महापौरांना, भावी महापौरांच्या मेहुण्याने, सगळीकडे शब्द आहे तसा.

लॅटिन भाषेत या कामासाठी ‘फातिदिकुस’ असे विशेषण होते. दैव बोलून दाखवणारा, हा त्याचा अर्थ. व्हर्जिल आणि ओविड या दोघांनीही ते वापरले आहे. पण बिचाऱ्याला फार कष्ट. पुरुष असेल तर फातिदिकुस, स्त्री असेल तर फातिदिका, झाड किंवा दगड बोलू लागला तरी नामाचे लिंग पाहून त्याला रूप बदलावे लागे, वर विभक्त्या आणि वचने वेगळी. रोमन ज्योतिष्याला आधी व्याकरण पास व्हावे लागत असणार. मराठवाड्यातल्या फ्लेक्सवाल्याला ही अडचण नाही.

अविकारी असण्याचा खरा फायदा आरक्षणाच्या सोडतीच्या दिवशी दिसतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. दोन-तीन वर्षे प्रभागातल्या प्रत्येक दहीहंडीला ‘भावी नगरसेवक’ म्हणून मिरवलेल्या गृहस्थाच्या प्रभागाची चिठ्ठी निघते आणि जागा महिलेसाठी सुटते. गृहस्थ घरी येतो, जेवतो, आणि संध्याकाळपर्यंत नवा फलक लागतो. त्यावर ‘नगरसेवक’चे ‘नगरसेविका’ झालेले असते आणि आजवर ज्यांचा फोटो फक्त आधार कार्डावर होता अशा वहिनी हात जोडून उभ्या असतात. गृहस्थाचा फोटो वहिनींच्या फोटोपेक्षा किंचित मोठा असतो, ती बाब व्याकरणाच्या कक्षेबाहेरची आहे. ‘भावी’ मात्र जागचे हललेले नसते.

या विशेषणाचा सर्वांत मोठा हंगाम २०२२ नंतर आला. लातूर महापालिकेत ७० आणि नांदेड-वाघाळा महापालिकेत ८१ नगरसेवक २०१७ साली निवडून आले होते. दोन्ही सभागृहांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, न्यायालयीन तारखा असे करत प्रशासकांचा कारभार तीन वर्षांहून अधिक चालला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढायला सांगितले. मधल्या काळात या दोन शहरांत एकही विद्यमान नगरसेवक नव्हता. होते ते सगळे माजी आणि भावी. पुष्कळ जण तर एकाच वेळी दोन्ही होते आणि फलकावर कोणते छापायचे हा प्रश्न वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत सुटत नसे.

माजी हे भावीचे विरुद्धार्थी विशेषण. या कुटुंबात तिघे आहेत : आजी, माजी आणि भावी. ‘आजी’ हे ‘आज’पासून आलेले, माजी अरबी-फारसीतून आलेले आणि भावी संस्कृतातले. तिघांची कुळे वेगळी, पण सत्कार एकाच हाराने होतो. या त्रिकुटाचा महाराष्ट्रात गाजलेला प्रयोग मराठवाड्यातच झाला. १७ सप्टेंबर २०२१ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तेव्हाच्या औरंगाबादेत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी व्यासपीठावरच्या मंडळींना आजी आणि माजी सहकारी म्हटले, आणि एकत्र आलो तर भावीही, अशी पुस्ती जोडली. राज्यभर दोन दिवस चर्चा भावीची झाली. व्याकरणाच्या अभ्यासकाने लक्ष द्यायला हवे होते ते ‘तर’कडे. तो संकेतार्थ आहे. संकेतार्थात अट पुरी झाली नाही की वाक्य आपोआप सुटते आणि बोलणाऱ्यावर काही येत नाही. अट पुरी झाली नाही. पुढच्या जूनमध्ये सरकारच गेले.

भावीच्या आसपासच्या शब्दांची उतरंड समजून घेतल्याशिवाय त्याची जागा कळत नाही. सगळ्यात खाली ‘इच्छुक’. हा शब्द स्वतःबद्दल कोणी वापरत नाही, तो वर्तमानपत्रवाले दुसऱ्याबद्दल वापरतात. ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हा त्याचा ठरलेला मुक्काम. त्यावर ‘भावी’, जो मित्रमंडळ बहाल करते. त्यावर ‘संभाव्य’, जो पक्षनिरीक्षकांच्या यादीतून फुटतो. मग ‘अधिकृत’, मग ‘लोकप्रिय’, आणि मतमोजणीच्या दुपारी ‘नवनिर्वाचित’. अलीकडे ‘भावी’ जुने झाल्यामुळे काही ठिकाणी ‘फिक्स आमदार’ असेही छापतात. भावीला तरतमभाव नाही, म्हणजे एका मतदारसंघात ‘अधिक भावी’ आणि ‘सर्वांत भावी’ असे करता येत नाही. एकाच खांबावर वरखाली तीन भावी आमदार लटकले की थोरला कोण हे फलकाच्या मापावरून ठरवावे लागते. ‘फिक्स’चा जन्म या अडचणीतून झाला असावा.

रोमन लोकांनी हा गोंधळ कायद्याने मिटवला होता. निवडून आलेला, पण अजून पदावर न बसलेला कॉन्सल असेल त्याला ‘देसिग्नातुस’ म्हणत. म्हणजे आधी मते, मग विशेषण. मराठीत या अर्थाचा शब्द ‘नियोजित’ आहे, पण तो लग्नपत्रिका आणि उड्डाणपुलांकडे गेला. उमेदवाराला लॅटिन भाषेत ‘कान्दिदातुस’ म्हणत, म्हणजे पांढरे कपडे घातलेला; खडू चोळून झगा शुभ्र करून ते मते मागायला निघत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा ही आपली शोधलेली गोष्ट आहे, असे कोणा भावीला वाटत असेल तर त्याने ते मनातून काढावे.

भावी प्रत्यक्ष कसे लागते हे फ्लेक्सच्या दुकानात पाहावे. दुकान म्हणजे एक गाळा, एक संगणक, आतल्या बाजूला छपाईचे यंत्र आणि रसायनाचा उग्र वास. डिझाइन तयारच असते : भगवा-निळा-हिरवा यांपैकी मागणीप्रमाणे रंग, वर महापुरुषांची ओळ, मध्ये मोकळी जागा. मोकळ्या जागेत उत्सवमूर्ती बसवायची.

“मामा, नावाच्या वर काय टाकू? युवा नेते का भावी?”

“भावी टाक की.”

“भावी काय? नगरसेवक का आमदार?”

मामा विचार करतात. बरोबर आलेला पोरगा म्हणतो, “आमदारच टाका. टाकायला काय पैसे लागायलेत का?”

पैसे चौरस फुटावर असतात, पदावर नाही, हे त्या पोराने अचूक हेरलेले असते. नगरसेवक आणि आमदार एकाच दरात छापून मिळतात. सार्वजनिक जागेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात १९९५ पासून आहे, परवान्याशिवाय फलक लावू नये असे उच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा बजावले आहे. पण परवाना फलकाला लागतो, विशेषणाला लागत नाही.

वास्तविक भाकीत व्याकरणावर तोलून धरण्याची युक्ती फार जुनी. पिरस राजा इसवी सनापूर्वी २८० मध्ये रोमनांशी लढायला निघाला तेव्हा डेल्फीच्या देवाने त्याला कौल दिला, अशी कथा एन्नियुस या लॅटिन कवीने सांगितली. कौलाचे वाक्य असे की त्यात राजा आणि रोमन या दोघांनाही एकच विभक्ती. त्यामुळे तू रोमनांना जिंकशील असाही अर्थ निघतो आणि रोमन तुला जिंकतील असाही. राजाने पहिला अर्थ घेतला, आणि पाचेक वर्षांनी रोमनांनी त्याला घरी पाठवले. सिसेरोने या कथेची यथेच्छ टिंगल केली आहे. त्याचा पहिलाच आक्षेप असा की डेल्फीचा अपोलो लॅटिन बोलतच नसे. मराठीत ही युक्ती चालत नाही, कारण ‘ला’ प्रत्यय मध्ये येऊन कोण कोणाला ते सांगून टाकतो. म्हणून मराठी भविष्यवेत्ता कर्ताच गाळतो. ‘घरातून एक माणूस लांब जाईल.’ कोण, कुठे, पुण्याला की वर, हे ऐकणाऱ्याने भरायचे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षाच्या थंडीत, असा कर्ता गाळलेली वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या खपत आली आहेत. पिंजऱ्यातल्या पोपटाने चिठ्ठी काढण्याचा प्रकार मात्र घटला. वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट पाळणेच गुन्हा ठरवले आहे. चिठ्ठ्या काढणाऱ्याचे स्वतःचे भवितव्य काय, हे कोणी बघितले नव्हते.

राजकारणाबाहेर भावीचा आणखी एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे शिकवणीवर्ग. लातूर पॅटर्न प्रसिद्ध झाल्यापासून लातुरात आणि मागोमाग नांदेडात अकरावीला आलेले प्रत्येक पोर भावी डॉक्टर असते. पण इथे विशेषणाची फार चलती नाही. नीटची परीक्षा ७२० गुणांची, निकालाला तारीख असते आणि गुण दशांशातसुद्धा लपत नाहीत. त्यामुळे हा भावी दोन वर्षांतच निकाली निघतो, किंवा रिपीटरच्या बॅचला बसतो.

पाऊस हा मराठवाड्यातला खरा भाकिताचा विषय, आणि तिथे भावीची भावंडे कामाला असतात : मध्यम, साधारण, समाधानकारक आणि मोघम. चारही अविकारी. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिचे निकाल नांदेड-लातूरचे शेतकरी चहाच्या टपरीवर वाचतात. त्यात एखादे पीक सर्वसाधारण, एखादे मोघम असे जाहीर होते. ‘तूर मोघम’ याचा अर्थ काय, हे विचारण्याचे धैर्य कोणी करत नाही. पीक आले तर मोघम होतेच, गेले तरी मोघमच गेलेले असते.

पंचांगाची रीत याहून चित्रमय. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी नऊ वाहने आहेत. बेडूक, म्हैस, हत्ती यांच्यावर बसून आला तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा निघाला तर ओढ. गणित अचूक आहे, भागाकार कोणीही ताडून पाहावा. पाऊस तेवढा ताडायचा नसतो. मघा नक्षत्राविषयीची म्हण सर्वांत स्पष्ट आहे. तिचा पूर्वार्ध छापण्याजोगा नाही. उत्तरार्धात, मघा न पडल्यास शेतकऱ्याने वर बघावे असे सांगितले आहे. एवढा व्यवहार्य सल्ला क्वचितच मिळतो.

गावात हे सगळे ‘म्हणतेत’ या एका शब्दावर तरते. “यंदा मृगात पाऊस हाय म्हणतेत.” कोण म्हणतेत, हा प्रश्न शिष्टसंमत नाही. ‘म्हणतेत’ला अनेकवचन आहे पण कर्ता नाही, आणि पाऊस न आल्यास जबाबदारी त्या गैरहजर कर्त्याची. त्यावर समोरच्याचे उत्तर “बघू की” असते. बियाणे, खत आणि पेरणीची मजुरी ज्याच्या खिशातून जायची त्याने दिलेले हे उत्तर आहे, आणि त्यातला सावधपणा पंचांगकर्त्यापेक्षा जास्त आहे.

या साऱ्यात एकाच संस्थेने विशेषणांना व्याख्या देण्याचे धाडस केले. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अतिमुसळधार’. हंगामाचा पाऊस ‘सरासरीइतका’ म्हणायला तो दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असावा लागतो. आणि वर स्वतःहून सांगायचे की एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के इकडेतिकडे धरा. असे उघड्यावर बसल्यावर व्हायचे तेच झाले. २०१६ साठी १०६ टक्क्यांचा अंदाज दिला, देशात ९७ टक्के पडला, आणि विभाग चुकला हे चौथी पास माणसालाही वजाबाकी करून सांगता आले. २०१७ च्या जुलैमध्ये तर शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रूडच्या पोलीस ठाण्यात हवामान विभागाविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. अंदाजावर भरवसा ठेवून पेरले आणि पावसाने दगा दिला, असे त्यांचे म्हणणे. तक्रार देणाऱ्यांचे नुकसान खरे होते, त्यात हसण्यासारखे काही नाही. मात्र आजवर गाढव किंवा कोल्हा या वाहनांविरुद्ध कोणत्याही ठाण्यात तक्रार गेल्याचे ऐकिवात नाही. ‘मोघम’वर गुन्हा दाखल करायचा तर कलम कोणते लावणार?

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी आले ते मिरजेहून, रेल्वेने. जलदूत एक्स्प्रेसच्या पहिल्या गाडीने १२ एप्रिलला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर ओढून आणले. नऊ वाहनांच्या यादीत रेल्वे नव्हती. सप्टेंबरअखेर मात्र याच जिल्ह्यात एवढा पाऊस झाला की नद्यांना पूर आले. त्यानंतर चौकाचौकांत भाकिताचा तिसरा प्रकार सुरू झाला, तो म्हणजे पूर्ण भूतकाळातला : “म्या तवाच म्हणलो होतो.” घडून गेल्यावर वर्तवलेल्या भविष्याला लॅटिन पंडितांनी स्वतंत्र संज्ञा करून ठेवली आहे. मराठवाड्यात संज्ञा नाही, पण वापर अखंड आहे. सोयाबीन २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास दहा हजारांवर गेले तेव्हाही असे पुष्कळ जण तवाच म्हणलेले होते. तेच सोयाबीन पुढे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकावे लागले, तेव्हा कोणी काही म्हणलेले नव्हते.

सांगायचे एवढेच की ज्या भाकिताला खोटे ठरता येते, तेच शेतकऱ्याच्या कामाचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला रटाळ असतो, त्यात हत्ती नसतो, पण मोजता येतो. बाकीच्यांचा उपयोग दुसऱ्या मार्गाने होतो. निवडणूक संपली की भावींचे फ्लेक्स उतरतात आणि काढणीच्या दिवसांत सोयाबीनच्या गंजीवर जातात. फ्लेक्सला पाणी लागत नाही. ज्यांच्या शेतात असा भावी आमदार असेल त्यांनी छापील बाजू खाली घालावी, कडेच्या कड्यांतून दोरी ओवून चारही कोपरे खुंट्यांना बांधावेत. नुसते दगड ठेवून भागत नाही, परतीच्या पावसाला वारा फार असतो.